परत घ्यायची राहिलेली हाक

सम्रितला गावात कुणी घाईत पाहिलं नव्हतं. त्याला अपवाद एकच. दुपारचे चार वाजायला आले की हा सदुसष्ट वर्षांचा माणूस हातातलं काम टाकून उठायचा, जेवत असला तर भाताची टोपली तशीच ठेवून उठायचा, आणि मून नदीच्या काठाने मलिवानकडे चालू लागायचा. मलिवान ही त्याची हत्तीण. सकाळी तिला काठावरच्या गवतात लांब साखळीवर बांधून निघताना तो तिच्या कानाशी तोंड नेऊन एवढंच म्हणायचा, "संध्याकाळी येतो." आणि तो यायचाच. अंगात ताप असला तरी यायचा. मुलीच्या लग्नात वऱ्हाड जेवायला बसलं आणि मुलीचा बाप जागेवर नाही, तेव्हा त्याची बायको लाम्याय पाहुण्यांना म्हणाली होती, "शोधू नका त्याला. सवतीकडे गेलाय."

लाम्याय रेशीम विणायची. घराखालच्या सावलीत तिचा माग होता आणि त्याच्यापासून दहा पावलांवर मलिवानची रात्रीची जागा. त्यामुळे सवत म्हटलं तरी दोघींचा शेजार जुना होता. माग चालू असताना हत्तीण सोंड लांब करून सुताच्या लडी हुंगायची, आणि लाम्याय तिच्या सोंडेवर धोटा हापटून म्हणायची, "तुझ्या नवऱ्याने लुगडं घेऊन दिलं नाही वाटतं तुला?" सम्रित हसायचा. तो बोलण्यापेक्षा हसण्यावर काम भागवणारा माणूस.

आमच्या गावात हत्ती म्हणजे घरातलं माणूस, असं बाहेरून आलेल्यांना सांगायची पद्धत आहे. आम्ही ते खोटं सांगत नाही. फक्त सांगताना आमचा एक पाय साखळीवर असतो.

मलिवान याच अंगणात जन्मली. तिची आई सम्रितच्या बापाने सरहद्दीपलीकडच्या रानातून म्हशीच्या कातड्याच्या दोराने धरून आणली होती. आता तशी धरपकड कुणी करत नाही. दोर मात्र आहे. घरापुढे चार खांबांवर लाकडी देव्हारा आहे, त्यात तो वेटोळं करून ठेवलेला असतो. त्या दोराला आम्ही पकाम म्हणतो. त्यातच आमचे वाडवडील बसतात आणि हत्तीबद्दल काहीही करायचं तर त्यांना विचारल्याशिवाय करता येत नाही.

मलिवान तीन वर्षांची झाली तेव्हा तिला आईपासून तोडली. सम्रित तेव्हा बत्तीसचा. लाकडाच्या चौकटीत पिल्लू बांधायचं, आई नदीपलीकडे नेऊन ठेवायची, आणि पिल्लू माणसाचं ऐकेपर्यंत सोडायचं नाही, अशी रीत. सात दिवस लागले. त्या सात दिवसांत सम्रित घरी जेवायला आला नाही, चौकटीच्या शेजारीच झोपला. अंकुशाने मारणारा तोच आणि मारलेल्या जागी हळद लावणाराही तोच. पलीकडच्या काठावरून आई ओरडायची, इकडून पिल्लू ओरडायचं, आणि गावातल्या बायका त्या आठवड्यात कपडे धुवायला दुसऱ्या पाणवठ्यावर जायच्या. सहाव्या दिवशी पिल्लाने त्याच्या हातून केळं घेतलं. सातव्या दिवशी तो म्हणाला, "पाय दे," आणि तिने पुढचा डावा पाय उचलून धरला. सम्रित त्या दिवशी फार खूष झाला होता. घरोघर सांगत फिरला. पुढे वय झाल्यावर ही गोष्ट तो सांगेनासा झाला, आणि कुणी काढली तर उठून जायचा.

मग पोटासाठी जे सगळ्यांनी केलं तेच त्यानेही केलं. राजधानीच्या रस्त्यांवर हत्तीण फिरवली. हॉटेलांबाहेर बसलेल्या लोकांना उसाचे तुकडे विकायचे, ते त्यांनी हत्तिणीला भरवायचे. गरोदर बायका सुखरूप सुटका व्हावी म्हणून तिच्या पोटाखालून जायच्या. गाड्यांना दिसावं म्हणून तिच्या शेपटीला लाल दिवा बांधलेला. एकदा तिचा मागचा पाय गटाराच्या जाळीत अडकला. जाळी कापणारे यायला दोन तास लागले. सम्रितने तिला "उभी राहा" म्हटलं होतं, म्हणून ती तापलेल्या डांबरावर तीन पायांवर दोन तास उभी राहिली, हूं की चूं केलं नाही. बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. सम्रितही तेव्हा अभिमानाने बघत होता.

त्यानंतर समुद्रकाठच्या शहरातला हत्तीतळ. तिथे पाठीवर लाकडी बैठक, बैठकीत दोन पाहुणे, आणि एकच वाट. दिवसाला पंधरा फेऱ्या, कधी वीस. आठ वर्षांत तिच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचं मांस बसलं आणि मधला कणा घराच्या आढ्यासारखा वर आला. पाहुणे बैठकीतून उतरून तिच्या सोंडेला मिठी मारायचे, डोळ्यांत पाणी आणायचे, फोटो काढायचे. बैठकीखाली काय आहे ते कुणाला दिसत नव्हतं. ते दिसायचं सम्रितला, रोज संध्याकाळी पट्टे सोडताना. तो जखमेवर हळद लावायचा. दुसरं काही करायचं असतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

साथीच्या वर्षी तळ बंद पडला. मालकाने "आपापलं बघा" म्हणून फाटक लावून घेतलं. सम्रित आणि मलिवान सोळा दिवस चालत गावी आले. सगळ्यांचेच हत्ती परत आलेले, नदीकाठी गवताची काडी उरली नाही. मलिवान केळीचे वाळके सोट चघळत उभी राहायची.

त्या उन्हाळ्यात वीपाबाई आल्या. राजधानीतल्या, पन्नाशीच्या, डोक्यावर मोठी टोपी. उत्तरेकडच्या डोंगरात त्यांनी जमीन घेऊन थकलेल्या हत्तिणी ठेवल्या होत्या. बरोबर जनावरांची डॉक्टर होती. सम्रितची मुलगी चानपेन कारखान्यातून सुट्टी काढून मुद्दाम घरी आलेली, कारण बोलावणं तिनेच धाडलं होतं.

"काका, मी तुमच्यावर आरोप करायला आले नाहीये," वीपाबाई म्हणाल्या.

"मग टोपी काढा आणि बसा. उभं राहून बोलणारी माणसं आरोपच करतात," सम्रित म्हणाला.

त्या टोपी काढून चटईवर बसल्या. लाम्यायने पाणी दिलं. मग त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडे साखळी नाही, अंकुश नाही, पाठीवर कुणी बसत नाही. बारा हत्तिणी आहेत, डोंगर आहे, ओढा आहे. पाहुणे येतात, पण कुंपणाबाहेरून बघतात.

"आणि माहूत?"

"माहूत नाहीत. राखणदार आहेत, ते लांबून लक्ष ठेवतात. आणि काका, एक आधीच सांगते. जुन्या माणसाने निदान वर्षभर तरी यायचं नाही. नाहीतर ती तिथे रुळत नाही."

"म्हणजे पोरगी सासरी द्यायची आणि बापाने तिचा उंबरा चढायचा नाही."

"बाप कसला?" मागावरून लाम्याय म्हणाली. "काडीमोड म्हण सरळ."

वीपाबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "तिच्या पाठीवरून हात फिरवा, काका."

"मला ठाऊक आहे."

"तुम्हाला ठाऊक आहे, हे मलाही ठाऊक आहे. तरी फिरवा."

सम्रित उठला, मलिवानजवळ गेला. तिने सवयीने डावा पाय उचलला. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तो काढलाच नाही.

चानपेन त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. "बा, रागवू नकोस. तू अजून किती वर्षं हिला नदीवर नेशील? दहा? हिला अजून तीस वर्षं जगायचंय. तू गेलास की मी काय करू? मी कारखान्यात, नवरा ट्रकवर. मला विकावी लागेल. घेणारा पुन्हा बैठकच बांधेल हिच्या पाठीवर."

"वाडवडिलांना विचारू," सम्रित म्हणाला. आमच्यात त्यावर बोलायची सोयच नाही.

विचारायचं म्हणजे असं. पकामपुढे उकडलेली कोंबडी, भाताची दारू, विडे आणि मेणबत्त्या ठेवायच्या. मग कोंबडीचा खालचा जबडा ओढून काढायचा. जिभेच्या मुळाशी एक बारीक दोन टोकांचं हाड असतं. दोन्ही टोकं सरळ, जोडीने पुढे वाकलेली असली तर होकार. एक जरी टोक आत वळलं असलं तर नकार. हे हाड वाचणारा गावात सम्रितच. चाळीस वर्षं तो सगळ्यांची हाडं वाचत आला होता. गावच्या मुखियाला त्याने तोंडावर नकार सांगितला होता, आणि स्वतःच्या मेव्हण्यालाही. हाड जे म्हणेल ते तो सांगणार, याबद्दल गावाला शंका नव्हती.

त्या सकाळी मेणबत्त्या लावताना सम्रितने आयुष्यात पहिल्यांदा देवाकडे वाकडं मागितलं. एकच टोक. थोडंसं वळलेलं चालेल.

हाड निघालं ते सुतासारखं सरळ. दोन्ही टोकं दोन बहिणींसारखी जोडीने पुढे झुकलेली. त्याने ते उजेडात धरलं, फिरवलं, पुन्हा धरलं. भोवती चार म्हातारे बसलेले, पण हाड वाचता येणारा तो एकटा. काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं.

"काय म्हणतंय?" मेव्हण्याने विचारलं.

"जाऊ दे म्हणतंय," सम्रित म्हणाला. हाड त्याने कपड्यात गुंडाळून ठेवलं आणि उरलेली सगळी दारू एकट्याने प्यायला.

पण नुसत्या होकारावर हत्ती जात नाही. निदान सम्रितच्या घराण्यात तरी नाही. त्याच्या बापाने त्याला शिकवलं होतं, की साखळी काढली म्हणजे हत्तीण सुटली असं समजू नकोस, तुझा आवाज तिच्या कानात आहे तोवर ती तुझ्याच दारात उभी आहे. म्हणून निरोप देताना माहुताने तिच्या कानात आपली हाक परत घ्यायची. रानातले जुने शब्द आहेत, थोडेच आहेत. "माझी हाक मी परत घेतली. तुझे कान तुला दिले. आता मी तुझा कुणी नाही, रान तुझं आहे." एवढं बोलून पाठ फिरवायची, वळून बघायचं नाही, आणि त्यानंतर घरात तिचं नाव घ्यायचं नाही. मेलेल्या माणसाचं नाव घेता येतं, सोडलेल्या हत्तीचं नाही.

ट्रक आला त्या दिवशी सगळं गाव जमलं. म्हाताऱ्यांनी मलिवानच्या कानाला पांढरा दोरा बांधला. बायकांनी पाण्याचे शिंतोडे मारले. लाम्यायने न बोलता एक रेशमी पट्टी तिच्या गळ्यात घातली, आणि कुणी बघितलं की काय म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मग सगळे मागे सरले आणि सम्रित पुढे झाला. त्याने तिचा कान हाताने उचलला, तोंड आत नेलं. त्याचे ओठ हलताना सगळ्यांनी पाहिले.

"संध्याकाळी येतो," तो म्हणाला.

चाळीस वर्षं खरं सांगणाऱ्या माणसाने वाडवडिलांच्या देव्हाऱ्यासमोर खोटं केलं ते असं, जिथे कुणाला ऐकू जात नाही अशा एकाच जागी. त्याने ते ठरवून केलं नव्हतं, पण तोंडातून निघाल्यावर मागेही घेतलं नाही. मलिवान फळीवरून शांतपणे ट्रकमध्ये चढली. एकदाही अडली नाही. सगळे म्हणाले, किती समजूतदार हत्तीण. समजूतदार कसली? धनी संध्याकाळी यायचा होता, मग भांडायचं कशाला?

पुढचे आठ महिने सम्रित चार वाजता उठायचा, दोन पावलं जायचा आणि परत बसायचा. लाम्यायला ते दिसत होतं. मलिवानची रिकामी जागा तिने झाडून घेतली, तिथे कोंबड्यांची खुराडी आणून ठेवली, दोन दिवसांनी ती पुन्हा उचलली. सवत गेल्यावर घर मोठं होईल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही.

थंडी सरता सरता चानपेन सुट्टीवर आली. आल्याआल्या तिने फोन काढला. "बा, हे बघ! लाखो लोकांनी बघितलंय. आपलीच आहे."

फोनवर लाकडी फाटक होतं, फाटकाच्या आत मलिवान. पाहुण्यांच्या गाड्या निघाल्या होत्या आणि खिडक्यांतून लोक हात हलवत होते. मलिवान सोंड उंच करून रस्त्याच्या दिशेने वास घेत होती. कुणीतरी खाली लिहिलं होतं की ही हत्तीण रोज पाहुण्यांना निरोप द्यायला फाटकापर्यंत येते, कृतज्ञता काय असते ते हिच्याकडून शिकावं.

"किती रमलीय ना?" चानपेन म्हणाली.

"वाजले किती होते गं तेव्हा?"

"आता ते काय माहीत? पाहुणे चारला निघतात म्हणे."

सम्रितने फोन चटईवर पालथा ठेवला. मग उठून घरामागे गेला आणि बराच वेळ आला नाही.

चानपेन परत गेल्यावर लाम्यायने माग थांबवला. "काय केलंस तू, म्हाताऱ्या? खरं सांग."

"हाक परत घेतली नाही."

लाम्यायने हातातला धोटा खाली ठेवला. "मग कानात काय बोललास?"

त्याने सांगितलं.

"अरे मेल्या," ती म्हणाली. "म्हणजे ती आठ महिने रोज तुझी वाट बघतेय. आणि तिथली येडी माणसं तिला हात हलवतायत."

"मला वाटलं, कुणीतरी एकाने आपली वाट बघावी."

"आणि मी काय आहे? घराचा खांब?"

लाम्यायने पदराने डोळे पुसले आणि उठून त्याच्या कपड्यांची पिशवी भरायला घेतली. पिशवी भरून होते न होते तोच वीपाबाईंचा फोन आला. मलिवान कळपात मिसळत नाही, त्या म्हणाल्या. आता तर दुपारपासूनच फाटकाशी उभी राहते. खाणं निम्म्यावर आलंय, फासळ्या मोजता येतात. डॉक्टरला रोग सापडत नाही. "काका, तुम्हाला काही माहीत आहे का?"

"मला सगळं माहीत आहे," सम्रित म्हणाला. "मी येतो."

डोंगरात पोचल्यावर त्याने वीपाबाईंना काहीही न लपवता सांगितलं. त्या चिडल्या नाहीत. त्याला वाटत होतं चिडाव्यात. थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "काका, मी माझा नियम मोडते. तुम्ही इथेच राहा. ओढ्याकाठी झोपडी आहे. रोज चारला तिला भेटत जा. खाईल ती."

यापेक्षा गोड बोलणं सम्रितने आयुष्यात ऐकलं नव्हतं. झोपडी त्याला तिथूनच दिसत होती. तिच्यापुढे चूल मांडायची जागासुद्धा त्याने डोळ्यांनी ठरवून टाकली. लाम्यायही आली असती, कुरकुरत, माग डोक्यावर घेऊन. मग त्याला खोकल्याची उबळ आली. ती वर्षभर अशीच येत होती आणि दर वेळी थोडी जास्त थांबत होती.

"मी अजून किती दिवस पुरणार, बाई?" तो म्हणाला. "आणि मग? मी मेलो हे तिला कोण सांगणार? ती तीस वर्षं रोज चार वाजता फाटकावर येईल. नको. मी बांधलीय, मलाच सोडायला हवं."

मलिवानवर लक्ष ठेवायला प्वे नावाचा, डोंगरातल्या कारेन जमातीचा राखणदार होता, चाळिशीचा. त्याच्या बापानेही लाकडं ओढणारे हत्ती पाळले होते, त्यामुळे त्याला फार सांगावं लागलं नाही. चारच्या सुमारास तो सम्रितला घेऊन रस्त्याच्या बाजूने फाटकाकडे निघाला. त्या दिवशी पाहुण्यांना लवकर लावून दिलं होतं.

तिला वास आधी लागला. सोंड रस्त्याकडे वळली, कान ताठ झाले, आणि पोटातून अशी घरघर निघाली की प्वे जागीच थांबला. प्वेने फाटक उघडलं. तिने सोंडेने सम्रितचं तोंड चाचपलं, काखा चाचपल्या, टोपी पाडली, खिसे उलटे केले. आनंदाने तिचं मूत सुटलं. सम्रित तिच्या सोंडेत तोंड खुपसून उभा राहिला. "पोरी," तो म्हणत होता, "पोरी गं, उशीर झाला गं मला."

मग तिने अर्धं पाऊल मागे घेतलं, नीट उभी राहिली, आणि पुढचा डावा पाय उचलून त्याच्यापुढे धरला.

धनी आला होता. आता साखळी घालायची आणि घरी जायचं. पस्तीस वर्षं असंच होत आलं होतं. पायाभोवती जिथे साखळीने कायमचं टक्कल पडलं होतं तिथे आता बारीक केस उगवले होते. सम्रितला ते दिसले. त्याचे हात रिकामे होते आणि ती थांबून होती. प्वेने दुसरीकडे मान फिरवली.

सम्रितने तिचा कान उचलला. या वेळी त्याने शब्द गाळले नाहीत. "माझी हाक मी परत घेतली," तो म्हणाला. "तुझे कान तुला दिले. आता मी तुझा कुणी नाही, रान तुझं आहे." शेवटचं वाक्य त्याला एका दमात म्हणता आलं नाही. तरी पूर्ण केलं.

पाय तसाच उचललेला.

तो थांबला. बापाच्या वेळी शब्द बोलले की हत्तीण रानाकडे वळायची, असं त्याने ऐकलं होतं. बापाने सगळं खरंच सांगितलं असेल असं नाही, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. मलिवान त्याच्याकडे बघत होती. पाय थरथरायला लागला होता, पण ती तो खाली ठेवत नव्हती. तापलेल्या डांबरावर दोन तास उभी राहिलेली हत्तीण ती. त्याने सांगितल्याशिवाय ती पाय ठेवणार नव्हती, हे त्याला सगळ्या जगात कुणापेक्षाही चांगलं ठाऊक होतं. तिला ते शिकवायला त्याला सात दिवस लागले होते.

"ठेव पाय," शेवटी तो म्हणाला.

तिने लगेच ठेवला.

ओढ्यापलीकडे बाकीच्या हत्तिणी चरत होत्या. सम्रितने तिकडे हात केला, आणि चौकटीत वापरला होता त्याच आवाजात, चढ्या आणि कोरड्या, म्हणाला, "जा."

ती वळली. सम्रितही वळला, कारण वळून बघायचं नसतं. मागे तिच्या पावलांखाली पाचोळा वाजला, मग ओढ्याचं पाणी वाजलं, मग काही ऐकू येईना.

"गेली, काका," प्वे म्हणाला. "त्यांच्यातच गेली."

"मागे वळून बघितलं का तिने?"

प्वेने उत्तर द्यायला जरा वेळ घेतला. "नाही," तो म्हणाला.

"बरं झालं," सम्रित म्हणाला. आपली टोपी तिथे मातीत पडली आहे, हे त्याला गाडीत बसल्यावर आठवलं.

पंधरा दिवसांनी वीपाबाईंचा फोन आला. त्यांना बोलताना धाप लागत होती, इतका आनंद झालेला. ती फाटकावर येत नाही. एकदाही आली नाही. एका म्हाताऱ्या हत्तिणीच्या मागे मागे असते, दोघी मिळून खातात. "काका, तुमच्या बापाचे शब्द खरे निघाले. ती सुटली."

"हो," सम्रित म्हणाला. त्याने फोन ठेवला आणि खाली जाऊन मागाशेजारी बसला. चार वाजून गेले होते. लाम्यायने धोटा थांबवला आणि त्याच्याकडे पाहिलं. नाव घ्यायचं नव्हतं, म्हणून तिने घेतलं नाही.

"खायला लागली?"

"हो."

"राहिली त्यांच्यात?"

"राहिली."

"मग सोन्यासारखं झालं की. आता रडतोस कशाला, म्हाताऱ्या?"

"मी जा म्हटलं म्हणून गेली गं," सम्रित म्हणाला.